शुक्रवार कुणी कबूल केला?

आवाजावर चालणाऱ्या एआय सहायकाचं प्रात्यक्षिक हल्ली पुण्यात हिंजवडीपासून खराडीपर्यंत बऱ्याच कंपन्यांत होतं, आणि त्यात दाखवली जाणारी गोष्ट साधारण एकच असते. प्रोजेक्ट मॅनेजर सकाळी वाकडच्या पुलाजवळ गाडीत अडकलेला आहे. स्टँडअप, म्हणजे टीमची रोजची छोटी बैठक, चुकणार हे दिसतंय. तो फोनला सांगतो, ‘पेमेंटचं तिकीट या स्प्रिंटमध्ये घे, बॅकएंडवाल्या मुलीला दे, शुक्रवारची तारीख टाक आणि क्लायंटला स्टेटस पाठव.’ काही सेकंदांत जिरा या कामांची नोंद ठेवणाऱ्या साधनातलं तिकीट हलतं, त्यावर नाव लागतं, तारीख पडते, क्लायंटला इंग्रजीत नेटका मेल जातो. बघणारे माना डोलावतात. मग प्रात्यक्षिक देणारा मुद्द्यावर येतो: प्रोजेक्ट मॅनेजमेंट म्हणजे बहुतांशी कारकुनी. ती यंत्राकडे सोपवा आणि माणसांना खऱ्या कामासाठी मोकळं करा.

हा दावा मला मान्य नाही. तो विक्रेत्यांपुरता होता तोवर दुर्लक्ष करता येत होतं. आता डिलिव्हरी हेड तो मीटिंगमध्ये मांडतात, टीमची रचना ठरवताना त्याचा आधार घेतात, आणि नव्याने लीड झालेल्या मुलांना तर हेच काम असं वाटायला लागलंय. म्हणून त्याचं उत्तर सविस्तर द्यायला हवं.

त्या प्रात्यक्षिकात एक माणूस कुठेच दिसत नाही, ती म्हणजे बॅकएंडवाली मुलगी. तिला कुणी विचारलं? पेमेंटच्या आधी तिच्याकडे काय पडलंय, ज्या सर्व्हिसवर हे काम अवलंबून आहे ती कुणाच्या ताब्यात आहे, गुरुवारी ती रजेवर आहे का, यातलं काहीही त्या संभाषणात आलं नाही. शुक्रवार तिने कबूल केलेला नाही. तरी क्लायंटच्या इनबॉक्समध्ये तो कबूल झालेला आहे. यंत्राने हुकूम तंतोतंत पाळला आणि नेमक्या त्यामुळेच एक खोटी तारीख जगात आली.

सॉफ्टवेअर किती झालं हे बाहेरून दिसत नाही. करणाऱ्याने सांगितलं तरच कळतं, आणि करणाऱ्यालाही ते अर्धवटच माहीत असतं. फ्रेड ब्रूक्स यांनी आयबीएमच्या सिस्टिम/३६० या संगणकांच्या ऑपरेटिंग सिस्टिमचं काम सांभाळलं होतं. त्या अनुभवावर त्यांनी १९७५ मध्ये ‘द मिथिकल मॅन-मंथ’ लिहिलं. उशिरा चाललेल्या प्रोजेक्टमध्ये माणसं वाढवली की तो आणखी उशिरा होतो, हे त्यातलं सूत्र सगळ्यांना पाठ आहे. पण त्याच पुस्तकात त्यांनी दुसरी एक गोष्ट तितक्याच बारकाईने दाखवली आहे: प्रोजेक्ट मोठ्या संकटाने कोसळत नाही, तो रोज थोडा थोडा घसरतो, आणि ती घसरण दिसत नाही कारण ‘जवळजवळ झालंय’ या अवस्थेत काम महिनोन्‌महिने राहू शकतं. मॅनेजरचं काम ही घसरण पकडणं. त्यासाठी तिकिटाच्या रकान्यात काय लिहिलंय हे उपयोगी पडतं, पण थोडंच.

बाकीचं कुठून कळतं ते स्टँडअपमध्ये जवळून बघू. मॅनेजर विचारतो, ‘रिफंडचं एपीआय शुक्रवारपर्यंत होईल ना?’ समोरचा मुलगा म्यूट काढतो. क्षणभर काहीच बोलत नाही. मग म्हणतो, ‘हो, होऊन जाईल.’ ज्याने काही रिलीज अंगावर घेतलेत तो इथे पुढे जात नाही. तो विचारतो, ‘बँकेकडून सँडबॉक्सचे क्रेडेन्शियल्स आले का?’ ‘नाही अजून. सोमवारी मेल टाकला होता.’ ‘मग टाइमआउटची केस कशावर तपासलीस?’ ‘मॉकवरच.’ आता खरी परिस्थिती उघड झाली. कोड अडलेला नाही, काम बँकेत अडलंय. बँकेच्या इंटिग्रेशन टीमला आज कुणीतरी वरच्या पदावरच्या माणसाने फोन केला नाही तर शुक्रवार जाणार, आणि त्यामागे टेस्टिंगचा सोमवारही जाणार. हे सगळं त्या एका न बोललेल्या क्षणामुळे कळलं. सहायकाने याच संभाषणातल्या पहिल्या प्रश्नोत्तराची नोंद काय केली असती? रिफंड एपीआय वेळेत, अपेक्षित तारीख शुक्रवार, अडथळे नाहीत. त्यात एकही शब्द चुकीचा ऐकलेला नसता.

हा क्षण मी मुद्दाम निवडला. अनुभवी मॅनेजरला जिथे सगळ्यात जास्त कळतं, तीच जागा यंत्राला सगळ्यात धोक्याची असते. ओपनएआयने सप्टेंबर २०२२ मध्ये व्हिस्पर हे बोलण्याचं लिखाण करणारं मॉडेल खुलं केलं आणि असंख्य उत्पादनांनी ते आपल्या पोटात घेतलं. कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांसह एका गटाने २०२४ मध्ये त्याची तपासणी प्रसिद्ध केली. सुमारे एक टक्का ध्वनिमुद्रणांच्या लिखाणात बोलणाऱ्याने उच्चारलेलीच नव्हती अशी आख्खी वाक्यं किंवा वाक्यांश त्यांना सापडले. ज्यांच्या बोलण्यात थांबे जास्त, त्यांच्या बाबतीत हे प्रमाण अधिक होतं. माणूस थांबला की मॉडेल कधी कधी ती जागा स्वतःच्या मनाने भरून काढतं. एक टक्का हा आकडा लहान वाटतो. पण एका कंपनीत रोज किती टीमचे किती स्टँडअप होतात याचा हिशेब केला की तो लहान राहत नाही, आणि कुठला एक टक्का खोटा हे लिखाण वाचून ओळखता येत नाही. खोटं वाक्यही खऱ्याइतक्याच ठाम, शुद्ध भाषेत उतरलेलं असतं.

यावर ठरलेलं उत्तर येतं की मॉडेलं सुधारताहेत. ती सुधारत आहेत, आणखी सुधारतील. मी माझा आक्षेप यंत्राच्या कमी ऐकण्यावर उभा केलेला नाही. उद्या ते प्रत्येक अक्षर, प्रत्येक थांबा अचूक टिपू लागलं तरी वरच्या प्रसंगात काय बदलेल? विक्रेता सांगेल, सहायकच उलट विचारेल: ‘तुमच्या उत्तरात अनिश्चितता वाटते, काही अडथळा आहे का?’ ठीक. मुलगा म्हणेल, क्रेडेन्शियल्स आलेले नाहीत. सहायक अडथळ्याची नोंद करेल, लाल खूण लावेल, स्मरणपत्र पाठवेल. आणि पुढे?

माझ्या विरोधाचं मूळ इथे आहे. मॅनेजर जेव्हा विचारतो, ‘क्रेडेन्शियल्स आले का?’ तेव्हा त्या प्रश्नाबरोबर तो एक जबाबदारी अंगावर घेत असतो. उत्तर ‘नाही’ आलं तर ते मिळवून देणं आता त्याचं काम. मुलाला हे ठाऊक असतं, म्हणून तो खरं सांगतो. ‘शुक्रवार’ हा शब्द दोघांमधला असतो: मी शुक्रवारी देतो, आणि तोवर माझ्या वाटेतला दगड तू काढतोस. विचारणारा काहीच पणाला लावत नसेल तर सांगणाऱ्याने का लावावं? यंत्र कितीही नम्रपणे विचारू दे, ते बँकेतल्या माणसाशी भांडणार नाही, क्लायंटला ‘हे फीचर या रिलीजमधून काढू या’ असं समजावणार नाही, आणि शुक्रवार चुकला तर त्या मुलाच्या बाजूने कुणाहीसमोर उभं राहणार नाही. त्याला दिलेलं ‘हो’ कुणालाच दिलेलं नसतं. मोबाइलवर अटी-शर्तींखाली आपण जसं न वाचता ‘मान्य’ दाबतो, तसंच ते लवकरच दिलं जाऊ लागतं.

प्रात्यक्षिकांमधला सहायक स्टँडअपला जे तीन प्रश्न विचारतो, त्यांच्याबद्दलही एक गोष्ट सांगायला हवी. काल काय केलं, आज काय करणार, अडथळे काय. हे स्क्रम या कामाच्या पद्धतीचं हृदय आहे असं समजून त्याचं स्वयंचलन केलं जातं. केन श्वेबर आणि जेफ सदरलँड यांच्या ‘स्क्रम गाइड’मधून हे तीन प्रश्न २०२० च्या आवृत्तीतच काढून टाकले गेले. पंधरा मिनिटं टीमने एकमेकांशी बोलून आजचा दिवस नव्याने आखावा, एवढीच अपेक्षा तिथे उरली आहे. म्हणजे ज्यांनी ही पद्धत घडवली त्यांनी जी हजेरी सोडून दिली, ती आता आपण मोठा खर्च करून यंत्राकडून घेणार. २००१ मध्ये युटामधल्या स्नोबर्डला १७ जणांनी बसून अ‍ॅजाइलचा जाहीरनामा लिहिला, तेव्हा पहिलंच मूल्य त्यांनी माणसं आणि त्यांच्यातला संवाद यांना दिलं होतं. प्रक्रिया आणि साधनं त्याच्या खाली. भिंतीवर ते पोस्टर लावून संवादच साधनाला विकणाऱ्या कंपन्या मी बघतो तेव्हा मला खरोखर वाईट वाटतं.

आता विरोधी बाजूचा सगळ्यात जोरदार मुद्दा. डेव्हलपरांचे तासन्‌तास तिकिटं भरण्यात जातात, त्यांना त्याचा मनस्वी कंटाळा आहे, हे काम बोलून होत असेल तर का नको? तक्रार अगदी खरी आहे. पण उपाय चुकीच्या रोगावर चाललाय. जिरा २००२ मध्ये आलं ते मुख्यतः बग नोंदवायला. आज मध्यम आकाराच्या कुठल्याही कंपनीतलं एक तिकीट उघडा. स्टोरी पॉइंट, मूळ अंदाज, उरलेला अंदाज, लागलेला वेळ, कंपोनंट, फिक्स व्हर्जन, एन्व्हायर्नमेंट, रूट कॉज, रूट कॉजचा उपप्रकार. यातला जवळजवळ प्रत्येक रकाना कधीतरी एखाद्या एस्केलेशननंतर कुणीतरी ‘पुढे असं व्हायला नको’ म्हणून जोडलेला असतो, आणि एकदा जोडलेला रकाना काढायची हिंमत नंतर कुणी करत नाही. जो रकाना भरायला एकही माणूस राजी नाही, तो बहुधा कुणी वाचतही नाही. मग तो काढून टाका. एका दुपारचं काम आहे, लायसन्स लागत नाही.

सहायक आल्यावर होतं ते उलटं. आजवर या रकान्यांच्या वाढीला एकच लगाम होता, भरणाऱ्यांची कुरकुर. भरणारं यंत्र झालं की कुरकुर संपली आणि लगामही गेला. मग आणखी रकाने येतील, ते सगळे अचूक व्याकरणात भरलेले असतील, त्यांवर आलेख निघतील, आणि त्या आलेखांवर अप्रेझल ठरेल. चार्ल्स गुडहार्ट या ब्रिटिश अर्थतज्ज्ञाने १९७५ मध्ये चलनविषयक धोरणाच्या संदर्भात जे म्हटलं, त्याचं सार आता सगळीकडे असं सांगितलं जातं: मोजमापालाच उद्दिष्ट केलं की ते मोजमाप म्हणून निकामी होतं. इथे तर मोजमाप भरणाराही माणूस उरत नाही.

शिवाय तिकीट कुठल्या अवस्थेत आहे हे बोलण्यातून काढायची गरजच काय? तशी जोडणी करून ठेवली असेल तर कमिटच्या संदेशात तिकिटाचा क्रमांक लिहून जिरामधलं तिकीट आपोआप पुढे सरकवता येतं, ही सोय कित्येक वर्षांपासून आहे. पुल रिक्वेस्ट उघडली, रिव्ह्यू झाला, बिल्ड पास झालं, स्टेजिंगवर गेलं, या प्रत्येक गोष्टीचा पुरावा यंत्रणेत असतोच. ही नोंद काम घडलं म्हणून होते. कुणी तसं म्हणालं म्हणून होत नाही. महाराष्ट्रात पीकपाहणीची कथा सगळ्यांना माहीत आहे. शेतात काय उभं आहे याची नोंद तलाठ्याने चावडीत बसून, विचारून-ऐकून केल्याच्या तक्रारी गावोगावी असायच्या. २०२१ पासून ई-पीक पाहणी आली, आणि शेतकऱ्याने स्वतः बांधावर उभं राहून, पिकाचा फोटो काढून नोंद करायची असं ठरलं. त्यातही नेटवर्कपासून मुदतीपर्यंत अडचणी आहेत, पण दिशा बरोबर आहे: ज्याचं काम त्याने, जिथे काम तिथे, पुराव्यासह. गाडीत बसून बोललेल्या वाक्यावरून तिकिटं हलवणं ही चावडीत परत जायची वाट आहे.

नोंद कुणापर्यंत जाते, हाही प्रश्न आहे. ब्रूक्स यांनी लिहिलं होतं की खालचा मॅनेजर वाईट बातमी दडवतो, कारण ती कळली की वरचा लगेच हस्तक्षेप करायला धावतो. त्यावर त्यांचा उपाय असा, की वरच्याने स्थिती ऐकण्याची बैठक आणि निर्णय घेण्याची बैठक वेगवेगळ्या ठेवाव्यात, आणि पहिलीत गप्प बसून ऐकावं. आपल्याकडच्या सेवा देणाऱ्या कंपन्यांत डेव्हलपरपासून लीड, मॅनेजर, डिलिव्हरी मॅनेजर, ऑनसाइटचा माणूस आणि मग क्लायंट, एवढ्या पायऱ्या असतात. प्रत्येक पायरीवर बातमी थोडी मवाळ होते, हा त्यातला दोष आहेच. पण पहिल्या पायरीवर तरी खरं बोलायची सोय होती. ‘यार, मला हे जमत नाहीये, उद्या माझ्यासोबत बसशील का?’ हे वाक्य स्टँडअपमध्ये बोललं जायचं. ते आता ध्वनिमुद्रित होऊन, सारांशात बसून, संध्याकाळपर्यंत ज्याला त्या मुलाचं नावही माहीत नाही अशा माणसाच्या डॅशबोर्डवर जाणार असेल तर ते बोललं जाणार नाही. माझ्या पाहण्यातल्या एका टीमने तर सहायक आल्यावर खरं बोलायला वेगळा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढला. स्टँडअपमध्ये सगळं वेळेत, ग्रुपवर सगळं खरं. वर गेलेला अहवाल पूर्वीपेक्षा देखणा झाला आणि त्यातली माहिती पूर्वीपेक्षा कमी झाली.

कायदा यात संरक्षण देईल असं कर्मचाऱ्यांना वाटत असेल तर त्यांनी २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा वाचावा. त्याच्या कलम ७ मध्ये, संमतीशिवाय माहिती वापरण्याच्या ज्या मुभा आहेत, त्यांत नोकरीच्या प्रयोजनांसाठीचा वापर येतो. म्हणजे ‘माझा आवाज नोंदवू नका’ असं म्हणणाऱ्याच्या हाती फारसं काही नाही. म्हणूनच ही मर्यादा कंपनीने आणि मॅनेजरने स्वतःहून घालून घ्यायला हवी.

एक मुद्दा मात्र मला मनापासून जवळचा आहे, त्यामुळे त्यावर जरा थांबतो. सहायकाचे समर्थक म्हणतात की आवाजामुळे इंग्रजीची धास्ती जाईल. लातूर, बार्शी, चाळीसगावच्या कॉलेजांतून आलेली हुशार मुलं तिकिटात दोन ओळी लिहिताना अडखळतात. कॉलवर तर बोलतच नाहीत. ती मराठीत सांगतील, यंत्र सुबक इंग्रजी करून देईल. यात मोठं सत्य आहे, आणि या मुलांचं किती नुकसान होतं हे मी जवळून पाहिलंय. काम सगळ्यात चांगलं आणि बढती सगळ्यात उशिरा, असा तो प्रकार असतो.

पण अशा मुलीने लिहिलेलं एक तिकीट बघा. मथळा होता: ‘रिफंड नॉट कमिंग इफ यूजर प्रेस बॅक टू टाइम्स फास्ट’. व्याकरण चुकलंय, पण यात सगळं आहे: काय होत नाही, केव्हा होत नाही, कुठलं बटण, किती वेळा, किती घाईने. हे वाचून कुठल्याही टेस्टरला तो बग मिनिटभरात उभा करता येतो. सहायकाने याच गोष्टीचं केलेलं रूपांतर मराठीत सांगायचं तर असं होतं: ‘वापरकर्त्याच्या नेव्हिगेशनदरम्यान रिफंड प्रक्रियेत विसंगत वर्तन आढळून येते.’ भाषा निर्दोष, बग गायब. ‘दोनदा’ गेलं, ‘पटकन’ गेलं, आणि त्याबरोबर त्या मुलीची नजर गेली. वरचे लोक हे दुसरं वाक्य वाचून खूश होतील आणि ती मुलगी मनात नोंद करेल की आपलं लिहिणं दुरुस्त करण्याच्याच लायकीचं आहे. मला हे फार लागतं.

आणि मराठीत बोललं की यंत्राला समजेल, हे गृहीतही तपासायला हवं. पुण्यातल्या ऑफिसात कुणी शुद्ध मराठी बोलत नाही. वाक्य असं असतं: ‘स्टेजिंगवर उद्या देऊ शकतो, पण प्रॉडक्शनला नको, अजून अडीच-तीन दिवस लागतील रिग्रेशनला.’ यात मराठी क्रियापदांवर इंग्रजी नामं बसलेली, मध्येच नकार, आणि शेवटी अंदाज आहे तोही मोकळा. अडीच-तीन म्हणजे बहुतेक तीन, कदाचित चार. रकान्याला मात्र एकच आकडा हवा असतो. इंग्रजीत बोललं तरी आपल्या उच्चारात ‘कॅन’ आणि ‘कान्ट’ यांतला, ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’ यांतला फरक घाईत पुसला जातो. माणूस तो संदर्भाने भरून काढतो किंवा परत विचारतो. उच्चारावरून यंत्रं किती भेदभाव करतात हे अमेरिकेतल्याच २०२० मधल्या एका अभ्यासात दिसलं होतं. अ‍ॅमेझॉन, अ‍ॅपल, गूगल, आयबीएम आणि मायक्रोसॉफ्ट यांच्या यंत्रणांनी गोऱ्या लोकांच्या बोलण्यात शंभरातले सरासरी १९ शब्द चुकवले आणि कृष्णवर्णीयांच्या बोलण्यात ३५. इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे त्यांची ही गत होती. एका ‘नको’ची चूक झाली तर अर्धवट तपासलेला कोड प्रॉडक्शनवर जाण्याची परवानगी कागदोपत्री तयार होते.

मग या मुलांसाठी काय? त्यांना त्यांच्या भाषेत तिकीट लिहू द्या. जिरात देवनागरी चालते. टीम मराठी असेल तर बगचं वर्णन मराठीत असायला हरकत कसली? टाइप करायचा कंटाळा असेल तर बोलून लिहू द्या, पण बोललेलंच लिहिलं जाऊ द्या, त्याचं ‘सुबक’ काही करू नका. क्लायंटसाठी इंग्रजी लागलं तर भाषांतर तिच्या नजरेखालून जाऊ द्या आणि खाली तिचे मूळ शब्द राहू द्या. आवाजाच्या तंत्राचं हे मोल मी आनंदाने मान्य करतो.

तसंच ते आणखी एका ठिकाणी मान्य करतो, तिथे तर वादच नको. टायपिंगने मनगटं निकामी झालेल्या प्रोग्रामरांना आवाजाने परत उभं केलंय. टॅव्हिस रड यांनी २०१३ च्या पायकॉन या परिषदेत आवाजाने कोड लिहून दाखवला, तो हातांच्या दुखण्यातून सुटण्यासाठी तयार केलेला मार्ग होता. त्यांनी स्वतःचे छोटे छोटे शब्द ठरवले होते, प्रत्येक शब्दाला एकच अर्थ. शब्द उच्चारला की पडद्यावर काय झालं ते समोर दिसत होतं, चुकलं तर तिथल्या तिथे मागे घेता येत होतं. तिथे आवाज हे त्या माणसाचंच अवजार होतं. मीटिंगमधल्या पाच जणांच्या बोलण्याचा अर्थ लावून, त्यांच्यापैकी कुणाच्याही नावावर काम आणि तारीख चढवणारा सहायक ही वेगळीच गोष्ट आहे. पहिलीचं नाव घेऊन दुसरी विकली जाते, त्याला माझा आक्षेप आहे.

सुरक्षेबद्दल थोडक्यात. सहायकाला जिराच्या किल्ल्या दिल्या की तो तिथला मजकूर वाचतो, आणि त्यात बाहेरच्या ग्राहकांनी लिहिलेली तिकिटंही असतात. त्या मजकुरातच कुणी यंत्रासाठी आज्ञा लपवून ठेवू शकतं. सायमन विलिसन यांनी २०२२ च्या सप्टेंबरात या हल्ल्याला ‘प्रॉम्प्ट इंजेक्शन’ हे नाव दिलं, आणि त्यावर पक्का उपाय आजही नाही. मोकळीक दिलेला एजंट काय करू शकतो हे जुलै २०२५ मध्ये रेप्लिट या कोड लिहून देणाऱ्या सेवेच्या बाबतीत जगाने पाहिलं. बदल करू नकोस असं बजावलेलं असतानाही त्याने एका वापरकर्त्याचा प्रॉडक्शन डेटाबेस पुसून टाकला, आणि कंपनीच्या प्रमुखांना जाहीर माफी मागावी लागली.

मला हे तंत्र ऑफिसाबाहेर ठेवायचं नाही. ते कुठे थांबवायचं हे ठरवायचंय, आणि ती जागा जिराच्या सेटिंगमध्येच आहे. तिकिटाची तारीख बदलण्याची, ते कुणाच्या नावावर टाकण्याची आणि त्याची अवस्था हलवण्याची अशा तीन वेगवेगळ्या परवानग्या तिथे असतात. सहायकाच्या खात्यातून या तिन्ही काढून घ्या. त्याला वाचू द्या, शोधू द्या, ‘बँकेवर अवलंबून असलेली कुठली तिकिटं या आठवड्यात हललेली नाहीत’ याचं उत्तर गाडीत बसल्या बसल्या देऊ द्या. मीटिंगचा मसुदा करू द्या, पण तो ज्याच्या नावावर आहे त्याने वाचून स्वतःच्या हाताने नोंदवल्याशिवाय तिकिटावर जाऊ देऊ नका. आवाज मुद्रित होत असेल तर तो मसुद्यानंतर पुसला जाईल आणि अप्रेझलमध्ये वापरला जाणार नाही, हे लिहून द्या.

यावर विक्रेता म्हणेल की मग उत्पादनाचा निम्मा फायदाच गेला. तो ज्याला फायदा म्हणतो तो इतकाच, की मॅनेजरला बॅकएंडवाल्या मुलीशी बोलावं लागत नाही. वाकडच्या पुलाजवळ अडकलेल्या मॅनेजरने तोच फोन तिला लावावा आणि विचारावं की शुक्रवारपर्यंत जमेल का, आणि जमायला तुला माझ्याकडून काय हवंय.